खेमसिंगचं नाक

“भाऊ, वास येऊन राह्यला का काही?” विमलताईंनी विचारलं.

खेमसिंगच्या हातात चहाचा पेला होता. त्यानं मशीनकडे पाहिलं. दाबाचे दोन्ही काटे आपापल्या जागी होते, पंप रोजच्या लयीत चालत होता.

“नाही,” तो म्हणाला. “काही नाही.”

“मले वाटलं बा.”

“पोल्ट्रीचा असन. वारं तिकडूनच हाय आज. बसा तुम्ही, चहा घ्या.”

विमलताई बसल्या. त्यांची जागा खरं तर भिंतीपलीकडे, भट्टीपाशी. पण मार्चमधल्या त्या सकाळी वारा उलटा होता आणि राख अंगावर येत होती, म्हणून भट्टीत पऱ्हाटीचे दोन भारे ढकलून त्या पाच मिनिटं मशीनच्या खोलीत आल्या होत्या. केळीचं एक रिकामं क्रेट पालथं घालून त्या पंपाच्या बाजूला टेकल्या. खेमसिंगनं त्यांच्यासाठी चहा ओतला आणि तो गच्चीवर गेला. तिथल्या कूलिंग टॉवरच्या नळीत शेवाळ अडकलं होतं, ते त्याला काढायचं होतं.

फुलसावंगीच्या बाहेर, महागावकडे जाणाऱ्या रस्त्याला, फळ उत्पादकांच्या संस्थेचं हे शीतगृह. आत केळी, संत्री आणि हळदीचं बेणं. इथलं मशीन इतर शीतगृहांसारखं नव्हतं. त्याला वीज लागायची ती फक्त पंपापुरती. बाकी सगळं काम आगीचं. कपाशी निघाली की शेतात उरणाऱ्या पऱ्हाट्या ट्रॅक्टरनं इथं यायच्या. त्या भट्टीत जळायच्या आणि त्या आचेवर अमोनिया मिसळलेलं पाणी तापायचं. अमोनिया वाफ होऊन पाण्यातून सुटायचा, गच्चीवरच्या पाण्यानं थंड होऊन त्याचा द्रव व्हायचा, आणि गोदामातल्या नळ्यांमध्ये पुन्हा वाफ होता होता तिथली सगळी उष्णता ओढून घ्यायचा. मग त्याला परत पाण्यात मुरवायचं आणि पंपानं पुन्हा आचेवर चढवायचं. उरलेल्या गरम पाण्यावर मागच्या खोलीत हळद वाळायची. पाहुणे आले की किसनराव, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, त्यांना आधी भट्टी दाखवायचे, मग गोदामाचं दार उघडायचे. पाहुणे गार हवेत उभे राहून मागं वळून धुराड्याकडे पाहत राहायचे.

हे मशीन अठरा वर्षं खेमसिंग राठोड चालवत होता.

गच्चीवर त्याचा हात नळीत कोपरापर्यंत गेलेला असताना खालून आवाज आला. कुकरची शिट्टी उडावी तसा, पण न थांबणारा. त्याच्यापाठोपाठ एक किंकाळी, तीही अर्धीच. खेमसिंग जिना उतरला तेव्हा मशीनच्या खोलीच्या दारातून पांढरा धूर बाहेर लोटत होता. पॅकिंग शेडमधल्या बाया पदर तोंडावर धरून रस्त्याकडे पळत होत्या. शेड सांभाळणारा सुनील पंधरा-वीस पावलांवर वाकून ओकत होता.

“विमलताई कुठी हाय?” खेमसिंगनं विचारलं.

सुनीलनं नुसता आत हात केला.

खेमसिंगनं खांद्यावरचा दुपट्टा टाकीत बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि तो आत शिरला. डोळ्यांत कुणीतरी तिखट भरल्यासारखी आग झाली. श्वास घेतला तसा घसा बंद झाला, मग त्यानं श्वास घेतलाच नाही. दिसत काही नव्हतं, पण त्या खोलीत त्याला डोळ्यांची गरज नव्हती. भिंतीला हात लावून चार पावलं, मग डावीकडे वळून पहिला व्हॉल्व्ह, गुडघ्याच्या उंचीवर दुसरा. दोन्ही आवळल्यावर शिट्टी बसत गेली. विमलताई पायाला लागल्या. त्यांच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना ओढत बाहेर आणलं.

“भट्टी ओढा,” तो सुनीलला ओरडला. “सारा विस्तव बाहेर ओढा.”

मग त्यानं विमलताईंना टाकीच्या नळाखाली आडवं केलं आणि बोटांनी त्यांच्या पापण्या उघड्या धरून डोळ्यांवर पाणी सोडलं. त्या तडफडत होत्या. दोन बायांनी त्यांचे पाय धरले. वीस मिनिटं खेमसिंगनं पाणी थांबवलं नाही. अमोनियाला पाणी हाच उतारा, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं. दवाखान्याची गाडी आली तेव्हा विमलताईंचा श्वास चालू होता, आणि खेमसिंगच्या अंगावरची कातडी जागोजागी लाल झाली होती.

“भाऊ, तुम्ही आत गेलेच कसे?” सुनील म्हणाला. त्याचे डोळे अजून गळत होते. “आमाले वीस पावलांवर उभं राहवत नोव्हतं त्या वासानं.”

खेमसिंग ओला दुपट्टा पिळू लागला. त्याला वास आलाच नव्हता. गेली चार वर्षं त्याला कशाचाच वास येत नव्हता.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा तोही आठ दिवस तांड्यावर तापानं पडला होता. ताप उतरला, ताकद आली, तो कामावर परतला. मशीनच्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. त्या खोलीत अमोनियाचा एक बारीक वास कायम असायचा, घरात शिरताना घराचा असतो तसा. तो नव्हता. खोली तीच होती, मशीन तेच, पण त्याला क्षणभर वाटलं की आपण कुणाच्यातरी दुसऱ्याच्या खोलीत आलो. येईल परत, म्हणून त्यानं महिनाभर वाट पाहिली. मग सहा महिने. मग वाट पाहणं सोडून दिलं.

सांगितलं मात्र कुणालाच नाही. बायकोलाही नाही.

कारण खेमसिंग जो काही होता तो नाकामुळे होता. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं तेव्हा संस्थेच्या पाच हमालांना एका ओळीत उभं केलं होतं. अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन तो लांबून एक-एक पाऊल पुढं येत होता. बाकीच्यांनी हात वर केले तेव्हा तो खोलीच्या मध्यावर होता. खेमसिंगनं हात वर केला तेव्हा तो अजून दाराबाहेर होता. “हा माणूस मला द्या,” इंजिनिअर म्हणाला. त्या दिवसापासून सातवीपर्यंत शिकलेला, पाठीवर पोती वाहणारा खेमसिंग ऑपरेटर झाला. गाव त्याला नाकवाला म्हणू लागलं. लग्नाच्या मांडवात गंजातलं, म्हणजे मोठ्या पातेल्यातलं, वरण खाली लागलं का, ते पाहायला त्याला बोलवायचे. तूप भेसळीचं आहे का, बेण्याला बुरशी धरली का, लोक पुढं करायचे आणि तो नाकाशी नेऊन सांगायचा. नंतरच्या चार वर्षांतही पुढं करत राहिले, आणि तोही नाकाशी नेत राहिला. समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज करायचा आणि बोलायचा. बहुतेक वेळा बरोबर यायचं.

मशीनच्या बाबतीत त्यानं अंदाज केला नव्हता. गंधकाची कांडी पेटवून जोडांवरून फिरवली की अमोनिया जिथं झिरपत असेल तिथं दाट पांढरा धूर धरतो. अशा कांड्यांची एक पेटी स्टोअरमध्ये कधीची पडून होती. रोज सकाळी कुणी यायच्या आत तो एक कांडी पेटवून सगळे जोड तपासायचा. विमलताईंनी एकदा विचारलं होतं तेव्हा, मच्छरांसाठी, असं सांगितलं होतं. पुढं पुढं तो कांड्या पुरवून वापरू लागला, एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. होळीच्या आधी पेटी संपली. नवी मागवायची तर ऑफिसात चिठ्ठी द्यायला हवी होती, आणि किसनराव विचारणार होते की तुमचं नाक असताना ही कशाला. आपणच नांदेडला जाऊन आणू, असं त्यानं ठरवलं. होळी झाली. पंधरा दिवस गेले. पंपाच्या दांड्याभोवतीचं, गळती अडवणारं पॅकिंग त्या दिवसांत कधीतरी झिजू लागलं असणार.

विमलताईंना आधी पुसदला आणि तिथून यवतमाळला नेलं. तिसऱ्या दिवशी खेमसिंग बसनं यवतमाळला गेला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर विमलताईंची मुलगी निशिगंधा बसली होती. ती पुसदला एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. नवरा गेल्यानंतर विमलताईंनी भट्टीवर काम करून तिला शिकवलं होतं. खेमसिंगला पाहताच ती उठली आणि काही कळायच्या आत तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला.

“काका, तुम्ही नसते तर आई गेली असती. डॉक्टर म्हणाले, त्या माणसानं डोळ्यांवर पाणी सोडलं म्हणून एक डोळा तरी राहील.”

“एक?”

“डावा गेला. त्याच्यावर पांढरं आलं. गळाही सुजला आहे, बोलता येत नाही तिला.”

खेमसिंग मागं सरकला. भिंत लागली तेव्हा थांबला. निशिगंधाला वाटलं की त्याला भोवळ आली, तिनं त्याला बाकावर बसवलं, पाणी आणलं. ते पाणी तो हातात धरून बसला. आत जाऊन विमलताईंना पाहायचं धैर्य त्याला झालं नाही. बस पकडायची आहे असं सांगून तो निघाला.

फुलसावंगीच्या स्टँडवर लोकांनी त्याला थांबवलं. कुणीतरी पेपर दाखवला. फोटो जुना होता, पण नाव बरोबर होतं. जिवाची पर्वा न करता ऑपरेटर अमोनियात शिरला, असं लिहिलं होतं. पानटपरीवाल्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. खेमसिंग बातमी वाचत होता आणि त्याला ती कुणा दुसऱ्याची वाटत होती. आत शिरलेला माणूस खरा होता. पण त्याच माणसानं त्याआधी दहा मिनिटं विमलताईंना ‘बसा तुम्ही’ म्हटलं होतं, ते पेपरात नव्हतं. ते ऐकणारं तिसरं कुणी त्या खोलीत नव्हतंच.

त्याच दिवशी त्यानं बायकोला, बिजलीबाईला, सांगितलं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. घरात ते दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलत. त्यानं एका दमात सांगून टाकलं, आणि सूप तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिनं विचारलं की चार वर्षं मी रोज भाजी वाढली आणि तुम्ही रोज फोडणी छान झाली म्हणालात, ते काय होतं. खेमसिंगनं मान खाली घातली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच कुठून तरी परगावाहून आला आहे.

“विमलला सांगितलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग मला कशाला सांगता?” ती म्हणाली आणि सूप उचलून पुन्हा पाखडू लागली.

बाराव्या दिवशी विमलताईंना बोलता येऊ लागल्याचा निशिगंधाचा फोन आला. खेमसिंग दुसऱ्या दिवशी गेला. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजवा लाल, पण उघडा. चेहऱ्याची कातडी जागोजागी सोलवटली होती. निशिगंधा औषधं आणायला खाली गेली तेव्हा तो पलंगाजवळच्या स्टुलावर बसला.

“भाऊ,” विमलताई म्हणाल्या. आवाज घासल्यासारखा येत होता. “मले आलता वास त्या दिवशी. म्या तुमाले विचारलंबी.”

“हो.”

“तुम्ही नाही म्हनले. मंग मले वाटलं, माह्यंच नाक खराब झालं असन धुरानं. तुमच्यापेक्षा माह्या नाकाले जास्ती थोडीच समजते.”

खेमसिंगला वाटलं होतं की आपल्याला सुरुवात कशी करावी ते शोधावं लागेल. तसं झालं नाही.

“ताई, मले वास येतच नाही,” तो म्हणाला. “कोरोना झालता तवापासून. चार वर्षं झाली. कोनालेच सांगतलं नाही म्या. काड्या लावून पाहत होतो, त्याबी सरल्या.”

विमलताईंचा एक डोळा त्याच्यावर स्थिर झाला. वॉर्डात कुणाच्या तरी ताटलीचा आवाज झाला. त्या काही म्हणतील म्हणून तो थांबला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“चार वर्षं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चार वर्षं मी तुमच्या बाजूले बसून भाकर खाल्ली. राख उडली की तुमच्या खोलीत, पानी आलं की तुमच्या खोलीत. निशी सुट्टीत आली तं तिलेबी तिथंच बसवत होती मी. म्हनत होती, खेमसिंगभाऊ हाय, काही भेव नाही.” त्यांना खोकला आला. त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. “काहून नाही सांगतलं?”

“मशीनवरून काढलं असतं मले.”

“माह्याकडे यायचं न भट्टीवर. दोघं मिळून टाकली असती पऱ्हाटी. मी का मनाई करत होती?”

हे त्याला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

“जा भाऊ तुम्ही,” विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टीची बाजू त्याच्याकडे केली. “मले पडू द्या आता.”

किसनरावांनी सत्कार ठरवला होता. संस्थेची सर्वसाधारण सभा रविवारी दुपारी होती, त्यातच शाल, श्रीफळ आणि मानपत्र. शनिवारी खेमसिंग त्यांच्या ऑफिसात गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. किसनराव साठीचे, पांढरे कपडे घालणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

“तुम्ही मजाक करून राह्यले का, खेमसिंग?”

“नाही साहेब.”

किसनरावांनी टेबलावरचं पेपरवेट उगाच इकडून तिकडे केलं. मग दार लावून घेतलं. “गेल्या सालीच तो यंत्र विकणारा आलता, गॅसचा भोंगा भिंतीवर लावा म्हने. म्या त्याले काय सांगतलं, मालूम हाय? आमच्याकडे खेमसिंग हाय. हसून परत पाठवलं त्याले.” ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले. “ऐका. हे तुम्ही मले सांगतलंच नाही असं समजू. उद्या सत्कार होऊ द्या. महिनाभरानं तब्येतीचं कारन दाखवून तुमाले हलकं काम देतो. भोंगाबी बसवतो. बाईचा इलाज संस्था करूनच राह्यली. कोनाचं काही बिघडत नाही.”

“विमलताईले मालूम हाय.”

“त्या बोलनार नाहीत. मी समजावतो त्याहीले.”

“त्याच्यासाठीच मी सभेत बोलतो म्हनून राह्यलो, साहेब.”

“गाव तुमाले काय म्हनन, विचार केला का?”

खेमसिंगनं विचार केला होता. तेरा दिवस दुसरं काही केलंच नव्हतं.

रविवारी पॅकिंग शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. दोनशे-अडीचशे माणसं होती. मशीन बंद होतं, त्यामुळे शेडमध्ये नेहमीची घरघर नव्हती आणि माईकचा आवाज फार मोठा वाटत होता. किसनरावांनी खेमसिंगच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला म्हणून कुणीतरी माईक त्याच्या हातात दिला. किसनरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ‘नको’ अशी अगदी किंचित मान हलवली.

खेमसिंगनं शाल काढून घडी केली आणि टेबलावर ठेवली.

“मले वास येत नाही,” तो म्हणाला. “चार वर्षांपासून येत नाही. त्या दिवशी सकाळी विमलताईनं मले विचारलं, वास येऊन राह्यला का. म्या नाही म्हनून सांगतलं. मीच त्याहीले तिथं बसवलं. मी आत गेलो त्याच्यात काही मोठेपना नाही. ज्याले वास येते त्याले भेव वाटते. मले आलाच नाही. त्याहीचा डोळा माह्यामुळं गेला.”

माईक कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून तो शालीच्या शेजारी ठेवला. माईकमधून खरखर येत राहिली, आणि ती बंद करायला कुणी उठलं नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे टाळ्या वाजवून झालेले हात अजून मांडीवर जोडलेलेच होते. मागच्या बाजूला बाया बसल्या होत्या, रोज त्या शेडमध्ये केळी भरणाऱ्या. त्यातली एक शेजारणीला हळूच म्हणाली, “माय वं, आपन सारे इथंच होतो.” तेवढंच सगळ्यांना ऐकू गेलं.

सुनील उठला. त्याची बायकोही याच शेडमध्ये कामाला होती. तो खेमसिंगसमोर येऊन उभा राहिला. मग चपला न घालताच तो शेडबाहेर निघून गेला. त्याच्यामागून एकेक करत माणसं उठली. खेमसिंग ती सगळी जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. नारळ टेबलावर राहिला.

दोन महिने मशीन बंद होतं. पंप बदलला, जोड बदलले, भिंतीवर गॅस ओळखणारं यंत्र बसलं. सुनीलला त्या काळात नाशिकला शिकायला पाठवलं. खेमसिंगला काढून टाकावं असं समितीतल्या काहींचं म्हणणं होतं. तो स्वतःच गेला आणि भट्टीचं काम मागितलं. भट्टीवर काम करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते त्याला मिळालं. मे महिन्यात मशीन पुन्हा सुरू झालं. भिंतीच्या एका बाजूला सुनील काटे पाहायचा, दुसऱ्या बाजूला खेमसिंग पऱ्हाटी टाकायचा. सुनील त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. आता त्याला नाकवाला म्हणून कुणी हाक मारत नव्हतं.

पण भट्टी त्याला जमेना. अठरा वर्षं तो भिंतीपलीकडून ‘आच वाढवा’, ‘आच कमी करा’ एवढंच सांगत आला होता. ती कशी वाढते आणि कशी कमी होते, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातून ती एकदम भडकायची किंवा धुरकटत बसायची. पलीकडे काटे वर-खाली व्हायचे आणि सुनील खिडकीतून डोकं काढून नुसता पाहायचा.

अशातच एका सकाळी विमलताई आल्या. काळा चष्मा लावलेला, अंगावर जुनंच लुगडं. डॉक्टरांनी त्यांना धुराजवळ जायला मनाई केली होती. खेमसिंगनं त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि हातातला भारा खाली ठेवला. त्या दवाखान्यातून घरी आल्यापासून तो रोज त्यांच्या घरावरून जायचा, पण दार वाजवलं नव्हतं.

त्या वाऱ्याची बाजू पाहून लांब दगडावर बसल्या.

“सुनील म्हने, आच टिकून नाही राह्यली.”

“नाही टिकत,” खेमसिंग म्हणाला.

“टाका एक भारा. पाहू द्या मले.”

त्यानं भारा उचलून भट्टीच्या तोंडात ढकलला. धूर उसळला.

“असा पुरा नका ढकलू. बांध सोडा आधी. जाड्या काड्या खाली, बारीक वरतं. अन् ते काल आलेली पऱ्हाटी ओली हाय, ते आज नका लावू. उन्हात पडू द्या.”

त्यानं बांध सोडला. काड्या निवडल्या. तो वाकून एकेक आत सारत होता आणि त्या दगडावरून सांगत होत्या. मधे एकदा त्यांना राहवलं नाही, त्या उठून आल्या, चेहऱ्यावर पदर घेऊन त्यांनी त्याच्या हातातली लोखंडी सळई घेतली आणि निखारे एका बाजूला ओढून हवेला वाट करून दिली. आवाज बदलला. धूर विरळ झाला आणि भट्टीच्या तोंडात पिवळी, सरळ ज्योत उभी राहिली. त्यांनी सळई त्याला परत दिली आणि पुन्हा दगडावर जाऊन बसल्या.

“हे असं अर्ध्या घंट्याले करा लागते,” त्या म्हणाल्या. “भुलून चालत नाही. अन् भट्टी पेटली असली की इथून हलाचं नाही. कोनं चहाले बोलावलं तरी नाही.”

“बरं.”

अर्धा तास त्या बसून होत्या. पलीकडून सुनीलनं खिडकीतून पाहिलं, काटे स्थिर झाल्याची खूण केली आणि तो आत गेला. मग विमलताई उठल्या. डावीकडचं दिसत नसल्यामुळे त्या बाजूच्या भिंतीवर हात टेकवत, पाय चाचपत त्या फाटकाकडे निघाल्या. वाटेत पऱ्हाटीचा एक भारा आडवा पडला होता. खेमसिंग एक पाऊल पुढं झाला आणि थांबला. विमलताईंनी पायानं भारा चाचपला, वळसा घातला आणि त्या रस्त्याला लागल्या.

खेमसिंग भट्टीकडे वळला. त्यानं पुढच्या भाऱ्याचा बांध सोडला आणि जाड्या काड्या वेगळ्या करू लागला.